तळ्याकाठची खानेसुमारी

शनिशिंगणापुरास जाणारी मंडळी घोडेगावावरून जातात, परंतु घोडेगावी फारशी उतरत नाहीत. नगर सुटले, इमामपूरचा घाट उतरला, पांढरीचा पूल मागे पडला म्हणजे सपाटी लागते. आणि नगराहून सुमारे पस्तीस किलोमीटर आल्यावर त्या सपाटीत, संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोहों बाजूंस पसरलेले जे गाव दृष्टीस पडते ते घोडेगाव. शिंगणापुराचा फाटा येथूनच फुटतो. देवदर्शनाच्या घाईत असलेल्या माणसास गाव पाहण्याची सवड कोठून असणार? फार झाले तर तो चहापुरता थांबतो, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या मालमोटारींची रांग पाहून ‘येथे बाजार मोठा दिसतो’ असे म्हणतो आणि पुढची वाट धरतो. बाजार खरोखरच मोठा आहे. कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा, त्यांतही म्हशींचा, बाजार यांमुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही ऐकू येते. ग्रामदेवतेस घोडेश्वरी म्हणतात. देवीवरून गावास नाव मिळाले की गावावरून देवीस, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी मजला अनेकदा विचारला आणि प्रत्येक वेळी मी तो पुढील तासावर ढकलला.

या भागात मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. जुन्या पद्धतीची मॅट्रिक आणि वडिलांनी घरी बसवून शिकविलेले संस्कृत, एवढेच माझे भांडवल. शाळेत भूगोलाचा विषय पुष्कळ वर्षे माझ्याकडे असे. आणि सरकारी खानेसुमारीच्या, जिला हल्ली जनगणना म्हणतात तिच्या, कामासाठी १९९१, २००१ आणि २०११ अशा तिन्ही खेपांस प्रगणक म्हणून मी दारोदार हिंडलो. भूगोल शिकविताना जमीन दिसते, खानेसुमारी करताना माणसे दिसतात. ही दोन्ही एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, आणि कोठे तो बंध कागदावर मुळीच उमटत नाही, हे वाचकांस सांगावे असे कैक दिवस मनात होते.

घोडेगावास स्वतःचे असे तळे नाही. परंतु ज्या मुलखात ते वसले आहे तो नेवासे तालुका दोन अफाट तळ्यांच्या मध्ये सापडलेला आहे. वरच्या अंगास, राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे, मुळा नदी अडवून केलेला ज्ञानेश्वर सागर. खालच्या अंगास, पैठण येथे गोदावरी अडवून केलेला नाथसागर. वरच्या तळ्याची पूर्ण भरल्या वेळची पातळी समुद्रसपाटीपासून १८१२ फूट, खालच्याची १५२२ फूट. हे दोन्ही आकडे आमच्याकडील शेतकऱ्यांस पाढ्यासारखे पाठ असतात. आपल्या मुलाचे गुण आठवणार नाहीत, पण धरणाची पातळी आठवते! ज्या मुलखात पन्नास-साठ वर्षांपूर्वी तळे म्हणून दाखवावयास गावचे डबके होते तेथे आज माणसाचे दैव तळ्याच्या पातळीवर चढते-उतरते.

पावसाचे मान आधी सांगितले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे, जेवढा पाऊस कोसळतो त्याचा आठवा-नववा हिस्साही आमच्या वाट्यास येत नाही. वर्षास वीस-बावीस इंच, तोही मनास येईल तेव्हा. जमीन बहुतेक काळी, खाली काळाकभिन्न खडक. प्रवरा रतनगडाच्या बाजूस उगवते, मुळा तिच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगडाच्या अंगाने उतरते. पुढे मुळा प्रवरेस मिळते आणि प्रवरा, टोके व प्रवरासंगम या गावांपाशी, गोदावरीस मिळते. आमच्या मुलखास पाणी मिळाले ते नेहमी असे परगावचे, नदीच्या वाटेने चालत आलेले.

म्हणून वस्ती नदीच धरून राहिली. नेवाशास प्रवरेच्या काठी डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या वर्षांत उत्खनन केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. आणि त्याहीपूर्वीच्या, दगडी हत्यारे वापरणाऱ्या माणसाचा माग तर नदीच्या पात्रातच लागला. त्या शेतकऱ्यांची रीत अशी होती की मूल दगावले तर त्यास दोन मडक्यांच्या तोंडास तोंड लावून आत ठेवावयाचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरावयाचे. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली; तिचा धागाही काही अंशी टिकला होता. मूल घराबाहेर जाऊ नये अशी ती माया. याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे आमच्या वाचकांस मी सांगावयास नको. ज्या खांबास टेकून ती सांगितली असे मानतात त्या ‘पैस’ खांबाचे दर्शन घेऊन अनेकजण आले असतील.

आता माणसांचे आकडे. इ. स. १९०१ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ भरली. त्याआधीच्या दहा वर्षांत ती वाढली नव्हती, उलट शेकडा सहाने घटली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि प्लेग या तिघांनी मिळून ती घट केली. इ. स. २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात ४५,४३,१५९ माणसे मोजली गेली. एकशे दहा वर्षांत पाचपटीहून अधिक! औषधपाणी सुधारले हे त्याचे एक कारण, ते देशभर सारखेच. आमच्याकडील विशेष कारण म्हणजे पाट. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले; १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला; पुढे मुळेचे धरण झाले आणि त्याच्या उजव्या कालव्याने राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी या तालुक्यांत पाणी नेले. सोनईचा मुळा कारखाना आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना ही त्याच पाण्याची अपत्ये. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून पैसा आला. पैशामागून दुसरेही काही आले, तेही लपवू नये. २०११ च्या मोजणीत या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८५२ निघाल्या. मुलीस घराबाहेर जाऊ न देणारे ते मडक्यांचे लोक मजला अशा वेळी आठवतात.

परंतु मी बोलणार होतो तळ्यांविषयी. आणि तळे म्हटले की मजला नाथसागरच आठवतो, कारण माझे आजोळ त्याच्या तळाशी आहे.

या धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरणाचे नाव जायकवाडी. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील एक खेडे. प्रथम धरण तेथे व्हावयाचे होते. मागून जागा बदलून पैठण ठरले, पण नाव बदलावयाचे राहून गेले. अशा रीतीने जे खेडे बुडाले नाही त्याचे नाव धरणास मिळाले, आणि जी बुडाली त्यांची नावे कोठेच लागली नाहीत. बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस, आणि पाण्याचा साठा १०२ अब्ज घनफुटांच्या वर, म्हणजे मुळेच्या २६ अब्जांच्या जवळजवळ चौपट. पाणी पसरते सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर. शाळेत मी मुलांकडून भागाकार करवून घेत असे: एवढे पाणी एवढ्या जमिनीवर पसरले तर सरासरी खोली किती? उत्तर येते आठ मीटरांच्या थोडे वर. एवढा विस्तार आणि एवढी अल्प खोली! म्हणजे तळे कसले, परातच ती. वैशाखातील ऊन या परातीतून किती पाणी उचलून नेत असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. डोंगराच्या खोबणीत धरण बांधले तर थोडी जमीन बुडते. सपाटीवर बांधले तर गावेच्या गावे बुडतात. या परातीने शंभराहून अधिक गावांस झळ पोचविली. औरंगाबाद जिल्ह्यातील जशी, तशीच आमच्या नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील.

माझे आजोळ गोदेच्या काठचे, शे-सव्वाशे उंबऱ्यांचे खेडे. नदीवर लहानसा घाट, घाटावर महादेव. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तेथे जात असू. आजोबा पहाटे नदीवर स्नान करून संकल्प सांगत. आपल्याकडील संकल्पात काळाबरोबर देशाचाही उच्चार असतो, हे सर्वांस ठाऊक आहे: दंडकारण्य, गोदावरी, आणि तिचा दक्षिण किंवा उत्तर तीर. माझ्या मते आपल्या घरांत मुलांस मिळणारा भूगोलाचा पहिला धडा तोच. नकाशा पुढे येतो. आमचा तीर दक्षिण. समोरचा उत्तर तीर त्या काळी आम्हांस परक्यासारखा वाटे, आणि तसे वाटण्यास इतिहासही होता, कारण १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचे राज्य होते आणि अलीकडे, १९४७ पर्यंत, इंग्रजांचे.

मग नोटिसा आल्या, मोजणीदार आले, भिंतींवर चुन्याच्या खुणा उमटल्या. घराचे वासे, दारे, चौकटी सोडवून बैलगाड्यांत भरल्या. देवळातील पिंडी हलवावी की जागीच ठेवावी यावर पंधरा दिवस खल झाला. मी त्या वेळी मॅट्रिकच्या सुमारास होतो. सामान वाहून नेण्यास मामांच्या मदतीस गेलो होतो. पाणी येते म्हणजे काही लोंढा येतो अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. ते सावकाश, एखाद्या पाहुण्याने अंगणात येऊन उभे राहावे तसे आले. आज शेताच्या बांधाशी, चार दिवसांनी वडाच्या पाराशी. नवे गाव वरच्या माळावर आखलेले होते. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकही झाड नाही. तेथे गेल्यावरही आजोबांचा संकल्प पूर्वीचाच होता. मी, शिंगे फुटलेला मुलगा, त्यांस म्हणालो, “आजोबा, नदी आता दोन कोस लांब गेली आणि तीर दोन कोस अलीकडे आला. आता दक्षिण तीर कोठे धरावयाचा?” ते म्हणाले, “अरे, तीर अलीकडे आला म्हणतोस, मग ती आपल्या दाराशीच आली की! पळालो ते आपण.” हे बोलताना ते हसले होते, एवढे मजला आठवते. त्या नव्या गावात ते दोन वर्षे जगले.

प्रवरासंगमास आज कोणी गेले तर त्यास विस्तीर्ण पाणी दिसेल. टोक्याचे सिद्धेश्वराचे देऊळ पेशवाईच्या काळचे, कोरीव कामाने अतिशय देखणे; नदीपलीकडे कायगाव. अमृतमंथनाच्या कथेतील राहूचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. मारीच मृगाची काया तेथे पडली असेही दुसरे सांगतात. व्याकरणाच्या कसोटीस यांतील एकही उतरावयाची नाही. पण कायगावचे पुढे ‘जुने’ आणि ‘नवे’ असे दोन भाग झाले ही मात्र पुराणातील नव्हे, आमच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

तळ्याने दिलेले काहीच नाही असे मी म्हणणार नाही. हिवाळ्यात त्यावर परदेशी पाखरांचे थवे उतरतात. संस्कृत काव्यात ज्याच्या विरहाचे इतके कौतुक आहे तो चक्रवाक पक्षी मी प्रथम प्रत्यक्ष पाहिला तो नाथसागराच्या काठी, वयाच्या तिसाव्या वर्षी. १९८६ पासून या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. मासेमारीवर भोई आणि इतर समाजांची कित्येक घरे जगतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटले म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पेर होते, तिला गाळपेर म्हणतात. पीक असे येते की पाहत राहावे. त्याच दिवसांत, पाणी फारच उतरले तर, जुन्या गावांची जोती आणि देवळांचे चौथरेही वर येतात. म्हातारी माणसे तेथे जाऊन आपापले घर शोधतात. मीही एकदा गेलो होतो. घाटाच्या तीन पायऱ्या सापडल्या, वडाचे खोड सापडले नाही. पण एवढे खरे की कालवे निघतात ते धरणाच्या पोटातून, डावा दोनशे आठ किलोमीटर आणि उजवा एकशे बत्तीस. आणि ते वाहतात पूर्वेकडे, मराठवाड्यात. काठावरच्याने पाणी घ्यावयाचे ते पंप लावून, तेही परवानगी असेल तेव्हा.

खानेसुमारीत ही माणसे कशी दिसतात? याचे उत्तर मजला १९९१ साली मिळाले. माझ्या गटात धरणामुळे उठून आलेली काही घरे होती. कागदावर एक प्रश्न असे: यापूर्वी कोठे राहत होता, आणि तेथून येण्याचे कारण काय? कारणे छापून दिलेली असत. नोकरी, धंदा, शिक्षण, विवाह, कुटुंबाबरोबर येणे. १९९१ मध्ये दुष्काळ-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीचेही एक घर होते. पुढील दोन खेपांस तेही गेले. धरण मात्र यांत कधीच नव्हते. एका वृद्ध गृहस्थांनी मजला विचारले, “गुरुजी, काय लिहिता?” मी म्हणालो, “इतर.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “लिवा. आमी इतरच हाये.” जन्मस्थानाचा प्रश्न तर याहून अवघड. सूचना अशी की गावाचे हल्लीचे नाव लिहावे. जे गाव हल्ली नाहीच, त्याचे हल्लीचे नाव कोणते?

याच्या उलट गंमत उसाच्या पट्ट्यात. मोजणी होते ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, आणि त्या दिवसांत गळीत हंगाम ऐन भरात असतो. पाथर्डीकडून, बीडकडून आलेले ऊसतोडकरी पाचटाच्या कोप्या घालून कारखान्याच्या आसपास राहिलेले असतात. नियम असा की जो त्या संपूर्ण काळात आपल्या घरी नसेल तो जेथे सापडेल तेथे मोजावा. नियम चुकीचा नाही. माणूस दोनदा मोजला जाऊ नये, आणि सुटूही नये, यासाठी तो केलेला आहे. परंतु त्याचा परिणाम पाहा. २००१ साली एका कोपीपुढे बसून मी नोंद करीत होतो. बाई भाकरी थापीत होती. मी विचारले, “गाव कोणते म्हणायचे, बाई?” ती म्हणाली, “गाव पाथर्डीकडं हाय, गुरुजी. पर म्हातारा-म्हातारी अन् धाकटी पोरगी तिथं; आमी हितं. तुमी कुठं बी लिवा, आमची भाकर हितंच थापायची हाय आखाजीपस्तोर.” अशा रीतीने कालव्याच्या गावची संख्या फुगते आणि कोरडवाहू गावची रोडावते, आणि पुढील दहा वर्षे शाळेची खोली, दवाखाना, नळ यांचा विचार होतो तो याच संख्येवर. एप्रिलमध्ये कोपी मोडते. संख्या राहते, माणसे जातात.

आता अलीकडील एक प्रकार. खालच्या तळ्यात पाणी कमी पडले तर वरच्या धरणांतून सोडावे की न सोडावे, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दीर्घकाळ वाद चालू आहे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली समन्यायी वाटपाचा आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा शेकडा ६५ च्या खाली असेल तर वरच्यांनी पाणी द्यावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०२३ च्या पावसाळ्यानंतर अशा प्रकारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडावयाचे ठरले, आणि त्यातील काही मुळेतून निघून आमच्याच तालुक्याच्या उशापायथ्याने खाली गेले. पाणी सोडावयाचे तेव्हा नदीवरील बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि काठावरच्या पंपांची वीज तोडतात, म्हणजे वाटेत कोणी ते उचलू नये. दोन्ही पक्षांची भाषणे मी ऐकली आहेत. एक पक्ष म्हणतो, आमच्या धरणाचे पाणी. दुसरा म्हणतो, आमच्या तळ्याचे पाणी. माझे मत विचाराल तर समन्याय हा शब्द मजला मान्य आहे. पैठणच्या खालच्या माणसासही तहान लागतेच. पण ज्यांची जमीन खालच्या तळ्याने घेतली आणि ज्यांची मुले वरच्या तळ्याच्या कालव्यावर शेतमजुरी करतात, अशी घरे मी नावनिशीवार मोजलेली आहेत. फळ्या निघतात त्या दिवशी ती पुलावर उभी राहून पाणी जाताना पाहतात. त्यांस कोणत्या पक्षात धरावयाचे, हे मजला कोणत्याही भाषणात ऐकू आले नाही.

२०२१ साली व्हावयाची खानेसुमारी झाली नाही. आता ती २०२७ च्या १ मार्च या तारखेवर व्हावयाची असे सरकारने जाहीर केले आहे, आणि कागदाऐवजी मोबाईलवर. माझा एक जुना विद्यार्थी, जो स्वतः आता शिक्षक आहे, परवा घरी आला होता. त्याची आजी नाथसागराखालील गावची. नव्वदीच्या घरातील, पण स्मरण खणखणीत. तो म्हणाला, “गुरुजी, समजा आजीने जन्मगाव म्हणून जुनेच नाव सांगितले, आणि मोबाईलच्या यादीत ते नाव नसले, तर काय करावयाचे?” मी त्यास एक वही काढून दिली. तीन खेपांस दारोदार हिंडताना लोकांनी सांगितलेली बुडालेल्या गावांची नावे मी सरकारी कागदाव्यतिरिक्त तीत लिहून ठेवली होती. नावे जशी म्हातारी माणसे उच्चारीत तशीच लिहिलेली आहेत. एकाचे ऱ्हस्वदीर्घ मी मागाहून विचारून दुरुस्त केले. त्याने ती वही उभ्यानेच चाळली, आणि मग खाली बसून आजीने सांगितलेले एक नाव तीत नव्हते ते शेवटच्या पानावर उतरविले.